‘नक्को’च्या गावात ‘सर्कल बॅक’

हैदराबादच्या दखनीत मराठीतला ‘नको’ फार पूर्वी मुक्कामाला आला, अंगावर आणखी एक ‘क’ चढवून घेतला आणि तिथलाच होऊन गेला. चाय नक्को, झंझट नक्को, अब्बी नक्को. रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सगळे तो बिनधास्त वापरतात आणि ऐकणाऱ्यालाही त्यात राग मानण्यासारखं काही वाटत नाही. त्याच शहराच्या पश्चिम टोकाला, हायटेक सिटीत नोकरी करणाऱ्याला मात्र नकाराची ही चैन परवडत नाही. ‘हे शुक्रवारपर्यंत होणार नाही’ एवढं सांगायला तो ‘लेट मी चेक विथ द टीम अँड सर्कल बॅक’ म्हणतो. समोरचा ‘शुअर, लेट्स टेक इट ऑफलाइन’ म्हणतो. शुक्रवारी काम होत नाही ते नाहीच. पण कुणी कुणाला नाही म्हटलेलं नसतं.

या दोन्ही हैदराबादांशी शहराच्या मध्यवर्ती भागातल्या नारायणगुड्याचा रोजचा संबंध आहे. मराठवाड्याकडच्या गाड्या ज्या काचीगुडा स्टेशनात लागतात ते इथून जवळच. शाळा, कॉलेजं, वसतिगृहं, क्लासेस यांनी हा भाग गजबजलेला. केशव मेमोरियल ही इथली १९४० सालची शिक्षणसंस्था. ज्या केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ ती उभी राहिली ते मराठी. निजामाच्या राज्यात वकिली करता करता हायकोर्टाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोचलेले. २००७ पासून याच संस्थेचं इंजिनिअरिंग कॉलेजही नारायणगुड्यात आहे. कोरटकरांनी ज्या कोर्टकचेरीत नाव काढलं तिची भाषा उर्दू होती. त्यांच्या नावाच्या संस्थेतून आज बाहेर पडणारी मुलं ज्या कचेऱ्यांत जातात त्यांची भाषा इंग्रजी आहे असं म्हणायची पद्धत आहे. म्हणायला हरकत नाही, पण शाळेत धड्यांतून शिकलेलं इंग्रजी तिथे फारसं कामी येत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये नारायणगुड्याला मेट्रो आली. परेड ग्राउंडला गाडी बदलली की थेट हायटेक सिटीच्या बाजूचं रायदुर्ग. नांदेड-परभणीकडचा एखादा मुलगा, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, पहिल्या नोकरीसाठी या गाडीत बसतो तेव्हा त्याचं कोडिंग पक्कं असतं, इंग्रजी कामापुरतं असतं. पहिल्या आठवड्यात त्याची दांडी उडते ती तिसऱ्याच गोष्टीने. ‘तुझ्याकडे बँडविड्थ आहे का?’ असं कुणी विचारलं की तो इंटरनेटचा वेग सांगायला जातो. विचारणाऱ्याला फक्त ‘वेळ आहे का’ एवढंच हवं असतं. मग हळूहळू कान तयार होतो. ‘लूपमध्ये ठेव’, ‘इनव्हाइट टाक’, ‘ओनरशिप घे’, ‘एस्केलेट होईल हां’. सहा महिन्यांनी तोच मुलगा गावी फोन करून आईला सांगतो, ‘दिवाळीचं अजून टेंटेटिव्ह आहे.’

एक नमुना जवळून बघण्यासारखा आहे. सकाळची ‘स्टँडअप’ म्हणजे पंधरा मिनिटांची उभ्या उभ्या उरकायची बैठक. हल्ली ती बसूनच, आणि बहुतेक वेळा स्क्रीनवर होते. समजा, बिलं काढणारा प्रोग्राम अडला आहे. कारण साधं आहे: दुसऱ्या टीमने आकडे पाठवलेले नाहीत. त्यांनी पाठवले नाहीत, कारण अमेरिकेतल्या ग्राहकाच्या माणसाने मंजुरी दिलेली नाही. आणि त्याने दिली नाही, कारण त्याला विचारायचं राहून गेलं. हे तीन वाक्यांत सांगून होतं. बैठकीत जे ऐकू येतं ते असं: ‘देअर आर अ फ्यू डिपेंडन्सीज, वी आर अलाइनिंग विथ द स्टेकहोल्डर्स, वी शुड हॅव बेटर व्हिजिबिलिटी बाय ईओडी.’ व्याकरणात खोट काढायला जागा नाही. फक्त त्यात माणूस सापडत नाही. विसरलं कोण, विचारणार कोण, कुणाला विचारणार, काहीच हाती लागत नाही. ‘ईओडी’ म्हणजे दिवसअखेर. पण हैदराबादचा दिवस मावळतो तेव्हा न्यूयॉर्कचा उजाडत असतो, तेव्हा दिवस कुणाचा हेही मोघमच. अर्थात मोघमपणाचं या शहराला वावडं नाही. हैदराबादी माणसाचा ‘परसों’ हा गेल्या आठवड्यापासून गेल्या दशकापर्यंत कुठलाही दिवस असू शकतो. पण ‘परसों’वर कुणी करार करत नाही.

या बोलीला इथे एवढं खतपाणी का मिळालं हे धंद्याच्या रचनेत शोधावं लागतं. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी सायबर टॉवर्सचं उद्घाटन केलं आणि हायटेक सिटी सुरू झाली. काम परदेशी ग्राहकाचं, ते करणारे हात इथले, आणि दोघांमधला दुवा म्हणजे फोन आणि मेल. ग्राहकाला त्याच्याच शब्दांत उत्तर दिलं की त्याला आपण त्याच्यातलेच वाटतो. त्यातून ग्राहकाला ‘नाही’ म्हणणं म्हणजे कंत्राटावर पाणी सोडणं, ही भीती. त्यामुळे नकार, उशीर आणि चूक या तीन गोष्टींना जेवढे सभ्य पर्याय हवे होते तेवढे तयार झाले. प्रकल्पाची तब्येत सांगायला लाल, पिवळा, हिरवा असे रंग ठरले. पण लाल दाखवला की वरून दहा फोन येतात, म्हणून हिरवाच ठेवायचा. या व्यवसायातल्या लोकांनीच अशा रिपोर्टला ‘वॉटरमेलन’ असं नाव दिलं आहे: बाहेरून हिरवा, कापला की लाल.

हैदराबादने हे कलिंगड एकदा फार मोठ्या प्रमाणावर कापलेलं पाहिलं आहे.

१६ डिसेंबर २००८ रोजी इथल्या सत्यम कॉम्प्युटरने मेटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना विकत घेण्याचं जाहीर केलं. एक घरबांधणीची, दुसरी रस्ते-पुलांची. दोन्ही सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी संबंधित. इंग्रजीतलं ‘मेटास’ उलटं वाचलं की ‘सत्यम’ होतं. सॉफ्टवेअर कंपनीला सिमेंट-वाळू कशाला हवी, या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात मूळ धंदा ‘डी-रिस्क’ करण्याची, नव्या संधी ‘लिव्हरेज’ करण्याची भाषा होती. ऐकायला भारदस्त. गुंतवणूकदारांनी मात्र इतका गदारोळ केला की काही तासांतच सौदा मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी या कंपनीला ‘कॉर्पोरेट गव्हर्नन्स’साठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता, हे आज सांगितलं तर विनोद वाटतो.

मग ७ जानेवारी २००९ चं राजूंचं पत्र. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख आणि बँकेतली शिल्लक म्हणून ५,३६१ कोटी रुपये दाखवले आहेत, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत, असं त्यात सरळ लिहिलेलं होतं. वाघावर बसल्यासारखं झालं होतं, त्याच्या तोंडी न जाता उतरायचं कसं ते कळत नव्हतं, अशा अर्थाचं त्यातलं वाक्य पुढे जगभर गाजलं. गंमत बघा: पैसे खोटे होते तोवर भाषा ‘लिव्हरेज’ची होती, खरं सांगायची वेळ आली तेव्हा वाघ आठवला आणि आकडे रुपयांत आले. त्या दिवशी शेअर कोसळला. सत्यमच्या सुमारे पन्नास हजार कर्मचाऱ्यांच्या घरी काय वातावरण झालं असेल याची कल्पना नारायणगुड्यापासून कुकटपल्लीपर्यंतच्या घरमालकांनाही असेल. पुढे पुण्याच्या टेक महिंद्राने कंपनी घेतली आणि २०१३ मध्ये ती स्वतःत विलीन केली.

पोकळ शब्दांचा खरा उपद्रव कळतो तो नोकरी जाताना. हैदराबाद पब्लिक स्कूलमध्ये शिकलेले सत्या नडेला जुलै २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टचे नवे प्रमुख होते. १७ जुलैला त्यांनी १८ हजार नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. त्यांच्या मेलमध्ये ‘मनुष्यबळाची फेरजुळणी’ असा गोड शब्द आधी होता, पण आकडा लगेच पुढच्या वाक्यात होता, हे मान्य करायला हवं. त्याच दिवशी, नोकियातून आलेले त्यांचे सहकारी स्टीफन इलॉप यांनीही आपल्या लोकांना मेल धाडला. सुरुवात ‘हेलो देअर’. त्यानंतर फोनचं धोरण, उत्पादनांचं ‘अलाइनमेंट’, कामाची ‘व्याप्ती’, असे परिच्छेदामागून परिच्छेद. आणि बरंच खाली गेल्यावर कळतं की १२,५०० जणांची नोकरी जाणार आहे. अमेरिकेतल्या उद्योगजगतावर लिहिणाऱ्या पत्रकारांनी त्या मेलची जी सालटी काढली ती वाचण्यासारखी आहेत.

आपल्याकडचं ताजं उदाहरण जुलै २०२५ चं. टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त लोक कमी करण्याचं जाहीर केलं. कंपनी ‘फ्यूचर-रेडी’ होण्याच्या प्रवासात असून ज्यांचं ‘डिप्लॉयमेंट’ शक्य होणार नाही अशा ‘असोसिएट्स’ना ‘रिलीज’ केलं जाईल, असा तो मजकूर. जणू पिंजऱ्याचं दार उघडून पाखरं सोडायची होती. त्याआधी जूनमध्येच नियम आला होता: वर्षातले किमान २२५ दिवस ‘बिलेबल’ असायला हवेत आणि ‘बेंच’वर ३५ दिवसांहून जास्त काढता येणार नाहीत. बिलेबल म्हणजे ज्याच्या कामाचं बिल ग्राहकाला लावता येतं तो. बेंच म्हणजे दोन प्रकल्पांच्या मधला काळ: पगार चालू, काम नाही. वर्षानुवर्षं हा शब्द कट्ट्यावर निवांत बसल्यासारखा वाटायचा. आता पुण्यात, हैदराबादेत कुणी ‘मी बेंचवर आहे’ म्हटलं तर ऐकणारा गप्प होतो.

आणि इथेच एक फरक करायला हवा, कारण चिडणारे बरेचदा सगळ्यांना एकाच मापाने मोजतात. बेंच, बिलेबल, रोलबॅक, पॅच हे धंद्याचे शब्द आहेत. ‘रात्री रोलबॅक केलं’ म्हटलं की काय झालं, कुणी केलं, आता सॉफ्टवेअर कुठल्या अवस्थेत आहे, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना कळतं. सोनाराचे, गवंड्याचे, वकिलाचे शब्दही असेच बाहेरच्याला परके आणि आतल्याला नेमके. ‘अलाइनमेंट’, ‘सिनर्जी’, ‘व्हॅल्यू-ॲड’, ‘लर्निंग्ज’ यांची जात वेगळी. ते काढून टाकले तरी वाक्याचा अर्थ बदलत नाही. उलट कधी कधी तेव्हाच कळतं की अर्थ नव्हताच.

नेमक्या शब्दाचं उदाहरण तेलंगणाच्या मातीतच आहे. इथल्या जमिनीच्या वादांत १९५४-५५ च्या ‘खासरा पहाणी’चा हवाला आजही दिला जातो. पहाणी म्हणजे आपली पाहणीच. सर्व्हे नंबर कोणता, क्षेत्र किती, पट्टा कुणाचा, प्रत्यक्ष ताबा कुणाचा, असे रकाने. तेलुगू शेतकरी हा शब्द रोज वापरतो आणि त्याला तो परका वाटत नाही, कारण त्या कागदावर त्याचं नाव असतं किंवा नसतं. मधलं काही नाही.

कचेरीची परकी भाषा इथे पहिल्यांदाच आलेली नाही. निजामाच्या राज्यात १८८० च्या दशकात फारसी मागे पडून उर्दू कारभाराची भाषा झाली. मराठवाड्यातल्या मराठी माणसाला तीही शिकूनच घ्यावी लागली आणि कचेरीत अडाणी ठरण्याचा अनुभव आजच्या मुलांच्या आजोबा-पणजोबांनीही घेतला. पण १९१७ मध्ये हैदराबादेत जो अनुवाद विभाग, दारुल तर्जुमा, स्थापन झाला त्याची कामाची रीत आजच्या कंपन्यांच्या कम्युनिकेशन विभागांना लाजवील अशी होती. उस्मानिया विद्यापीठात सगळे विषय उर्दूतून शिकवायचे ठरलं होतं, म्हणून गणितापासून वैद्यकापर्यंत हजारो संज्ञा लागणार होत्या. मौलवी अब्दुल हक यांच्या देखरेखीखाली एकेका शब्दासाठी त्या विषयाचे जाणकार आणि भाषेचे जाणकार समोरासमोर बसत. नज्म तबातबाई, जोश मलिहाबादी यांच्यासारखे कवी तिथे नोकरीला होते. प्रयोग १९४८ नंतर संपला, विद्यापीठ इंग्रजीकडे वळलं. त्या संज्ञांतल्या अनेक अवघड होत्या, पण प्रत्येकीच्या मागे कुणीतरी ‘याचा अर्थ नक्की काय’ हा प्रश्न विचारलेला होता. ‘थॉट लीडरशिप’ या शब्दाला हा प्रश्न विचारून बघावा.

कंपन्यांनी ठरवून भाषा घडवण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत झाला, तो याच्या बरोब्बर उलटा. कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक बेल या टेलिफोन कंपनीने १९८० च्या दशकात चार्ल्स क्रोन नावाच्या सल्लागाराकडून हजारो कर्मचाऱ्यांना विचार करण्याची ‘नवी पद्धत’ शिकवायला घेतली. रोजच्या शब्दांना अगम्य व्याख्या, बैठकीत बोलण्याचे ठरावीक साचे. वैतागलेल्या कर्मचाऱ्यांनी याला ‘क्रोनिंग’ म्हणायला सुरुवात केली, बातम्या फुटल्या, आणि १९८७ मध्ये राज्याच्या नियामक आयोगाने चौकशी लावली. तोवर सुमारे चार कोटी डॉलर खर्ची पडले होते, आणि टेलिफोनच्या बिलातून हा खर्च ग्राहकांच्या माथी मारायचा का, हा खरा वाद होता.

इंग्रजीवर सगळं ढकलून मराठी वाचकाला हात झटकता येणार नाहीत. ‘उचित कार्यवाहीस्तव सादर’, ‘सदर बाब विचाराधीन आहे’, ‘आदेश निर्गमित करण्यात येत आहेत’. ‘करण्यात येत आहे’ हा तर कर्त्याला गायब करण्याचा मराठीतला सगळ्यात रुळलेला प्रकार; कुणाकडून, हे विचारायची सोयच नाही. १९६० मध्ये महाराष्ट्रात भाषा संचालनालय झालं, त्यानंतर आलेल्या पदनाम कोशाला आचार्य अत्र्यांनी ‘बदनाम कोश’ म्हणून झोडपलं. त्यातले कित्येक शब्द पुढे रुळले, अत्र्यांचा राग थोडा वायाच गेला. ‘करण्यात येत आहे’वर मात्र कुणी तेवढं तुटून पडलं नाही.

कंपन्यांतली ही बोली सर्वांत जास्त कोण वापरतं? साहेब मंडळी, असं वाटणं साहजिक आहे. झकराया ब्राउन, एरिक अनिसिच आणि ॲडम गॅलिन्स्की यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चित्र वेगळं दिसलं. त्यांनी ६४ हजारांहून जास्त प्रबंधांची शीर्षकं तपासली. कमी मानाच्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या शीर्षकांत जड शब्द जास्त निघाले. प्रयोगांतही, ज्यांना आपण खालच्या पायरीवर आहोत असं भासवलं गेलं, ते जार्गनकडे, म्हणजे अशा जड शब्दांकडे, जास्त वळले. ज्यांचं स्थान पक्कं असतं त्यांना आपलं म्हणणं पोचावं याची काळजी असते, ज्यांचं डळमळीत असतं त्यांना आपण कसे दिसतो याची. आणि दिसतो कसे? डॅनियल ओपेनहायमर या मानसशास्त्रज्ञाने तेही तपासलं होतं. लेखनात विनाकारण लांबलचक शब्द घातले की वाचणारे लेखकाला कमी हुशार समजतात, असं त्याला आढळलं. या निबंधाचं शीर्षक त्याने मुद्दाम भयंकर क्लिष्ट ठेवलं होतं आणि २००६ चं साहित्याचं इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाचं पारितोषिक, पटकावलं होतं.

म्हणून रायदुर्गच्या मेट्रोत ‘प्रोॲक्टिव्हली ड्राइव्ह करतो मी’ म्हणणाऱ्या पोराला हसण्यात अर्थ नाही. क्लासमध्ये त्याला हेच शिकवलेलं असतं. मुलाखतीत ‘मी तीन जणांबरोबर मिळून वाचनालयाचं ॲप बनवलं’ असं म्हणू नये, ‘क्रॉस-फंक्शनल टीममध्ये एंड-टू-एंड सोल्यूशन डिलिव्हर केलं’ म्हणावं. पहिलं वाक्य ऐकून कुठलाही शहाणा मॅनेजर पुढचा प्रश्न विचारील. दुसरं ऐकून तो मान डोलावतो, कारण त्याने स्वतः तेच पाठ केलेलं असतं. चिडायचंच तर त्या मान डोलावणाऱ्यावर चिडावं.

मात्र आता ही मान डोलावणाराही कधी कधी माणूस नसतो. मोठ्या कंपन्यांत आलेला रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर चाळतं आणि जाहिरातीतले शब्द त्यात आहेत का ते बघतं. ‘स्टेकहोल्डर मॅनेजमेंट’ लिहिलं नसेल तर ग्राहकाशी वर्षभर भांडून काम पूर्ण केल्याचा अनुभवही मागे पडू शकतो. त्यामुळे मुलं रेझ्युमेत शब्द कोंबतात, आणि कोंबायलाही हल्ली चॅटजीपीटीसारखी यंत्रं हाताशी आहेत. मेलचंही तेच. ‘शनिवारी बहिणीचं लग्न आहे, सुट्टी पाहिजे’ एवढं लिहून एक बटण दाबलं की सुबक तीन परिच्छेद तयार होतात, त्यात कामाच्या ‘सीमलेस ट्रान्झिशन’ची हमी वगैरे सगळं आलं. पलीकडे वरिष्ठाच्या मेलमध्ये सारांश काढणारं यंत्र बसलेलं असतं. ते त्या तीन परिच्छेदांची एक ओळ करून देतं: शनिवारी रजा हवी आहे. बहिणीचं लग्न त्यात येतंच असं नाही.